खर्ज घरात आणताना

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत खालच्या सुरांची दोन टोकं शेजारी नांदतात. एक मिरजेत. तिथल्या सतारमेकर मंडळींनी दीडशेहून अधिक वर्षं तंबोरे आणि सतारी घडवल्या. २०२४ साली मिरजेची सतार आणि तानपुरा या दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळालं. दुसरं टोक विसर्जनाच्या मिरवणुकीत. इकडे ज्याला लहानथोर सगळे ‘डॉल्बी’ म्हणतात, ती स्पीकरची भिंत ट्रॉलीवर उभी राहते आणि तिच्यासमोरून जाताना ठोका कानाआधी बरगड्यांना कळतो. घरी सबवुफर आणणाऱ्या माणसाने हे दोन्ही ऐकलेलं असतं. दुकानात गेल्यावर मात्र तो बहुधा दुसरंच मागतो. बेस कसा आहे हे विचारताना त्याला बेस किती आहे एवढंच जाणून घ्यायचं असतं.

घरातल्या सबबद्दल माझं मत ठाम आहे. बास वाढवायला आणलेला सब फसतो. बसायच्या जागी बास सारखा करायला आणलेला सब वर्षानुवर्षं सुख देतो. सारखा म्हणजे खर्जापासून मंद्र पंचमापर्यंत कुठलाही स्वर उगाच फुगत नाही आणि कुठलाही गायब होत नाही. हे साधतं की नाही, ते पेटीच्या किमतीपेक्षा खोली, बैठक आणि जोडणी या तीन गोष्टींवर ठरतं. आपल्याकडच्या घरांत तर जास्तच.

सबवुफर घरात आला तो मुळात चित्रपटामुळे. अमेरिकेत १९६८ साली इन्फिनिटी कंपनीने अठरा इंची वुफर असलेली ‘सर्वो-स्टॅटिक’ यंत्रणा काढली, ती संगीतासाठी होती आणि फार थोड्यांच्या घरी पोचली. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी थिएटरांत मोठमोठे बास स्पीकर बसवून प्रेक्षकांच्या खुर्च्या हलवल्या गेल्या. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने ७० मिलिमीटरच्या प्रतींत खालच्या सुरांना वेगळी वाट दिली. १९९२ पासून डॉल्बी डिजिटलमुळे ‘पॉइंट वन’ ही स्वतंत्र वाहिनी रुळली आणि डीव्हीडीबरोबर ती घराघरात शिरली. आपल्याकडे याआधी टेपरेकॉर्डरचं आणि असेंबल केलेल्या डेकचं राज्य होतं. गावातला मेकॅनिक ॲम्प्लिफायरचं किट जुळवायचा, सुतार प्लायचे खोके करायचा, सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायचे. मग इंटेक्स, झेब्रॉनिक्स, एफ अँड डी यांचे टू पॉइंट वन आणि फाइव्ह पॉइंट वन संच आले आणि ‘होम थेटर’ हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत गेला. आता साउंडबार आणि त्याच्यासोबतचा बिनतारी सब. एव्हीआर (ऑडिओ-व्हिडिओ रिसीव्हर), बुकशेल्फ स्पीकर आणि वेगळा सब अशी जुळवाजुळव करणारे थोडे आहेत, पण आहेत. त्यांचे प्रश्न आणि टू पॉइंट वनवाल्याचे प्रश्न मुळात एकच आहेत.

खोली आधी

ध्वनी सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. म्हणजे ८० हर्ट्झची लाट १४ फूट लांब आणि ४० हर्ट्झची २८ फूट. आपली खोली बहुतेक वेळा या लाटेहून लहान. लाट समोरासमोरच्या दोन भिंतींत अडकते आणि ठरावीक स्वरांवर उभी राहते. हा स्वर काढायचा हिशेब सोपा आहे: ५६५ ला दोन भिंतींमधल्या फुटांनी भागायचं. पंधरा फुटांना साधारण ३८ हर्ट्झ, बारा फुटांना ४७, दहा फुटांना ५६ ते ५७. त्यांच्या पटीतले स्वरही उभे राहतात.

आता आपले गाळे बघा. दहा बाय दहा, दहा बाय बारा, दहा बाय वीसचा हॉल, वर स्लॅब दहा फुटांवर. दहा बाय दहाच्या खोलीत लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही एकाच ५६ हर्ट्झवर येऊन मिळतात. दहा बाय वीसमध्ये रुंदी आणि उंची ५६ वर, आणि लांबीचा दुसरा स्वरही ५६ वरच. ढोलाचा किंवा बास गिटारचा जो सूर तिथे पडेल तो घुमणार, बाकीचे त्याच्या मागे लपणार. सबची पेटी बदलून, केबल बदलून, ॲम्प्लिफायर बदलून हे जात नाही. त्यापेक्षा बारा बाय पंधराची खोली बरी. तिचे पहिले तीन स्वर ३८, ४७ आणि ५६ असे पसरलेले असतात. नवीन घर बांधणाऱ्याने संगीताची खोली ठरवताना तीन मापं एकमेकांसारखी किंवा दुप्पट होऊ दिली नाहीत तर निम्मं काम फुकटात होतं. आर्किटेक्टला हे सांगायला लाजू नये.

दुसरी गोष्ट मापाइतकीच महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. सबबद्दलचा बहुतेक सल्ला अमेरिकेतून येतो आणि तो लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकलेल्या घरांत तयार झालेला आहे. तसल्या भिंती खालच्या सुरांवर थोड्या लवतात, त्यातून बास शोषला जातो, बाहेरही निसटतो. आपली नऊ इंची वीटभिंत, वरचा आरसीसी स्लॅब आणि खालची शहाबादी किंवा व्हिट्रिफाइड फरशी लवत नाही. बास आत कोंडला जातो. त्याचे दोन परिणाम होतात. एक चांगला: कमी ताकदीच्या सबनेही खोली भरते. एक वाईट: उभे स्वर तीव्र होतात आणि विझायला वेळ घेतात, म्हणून ठोका थांबल्यावरही गुंई राहते. बारा-पंधरा इंची सबची जी शिफारस तिकडच्या मोठ्या दिवाणखान्यासाठी केलेली असते, ती सांगलीच्या विश्रामबागेतल्या किंवा साताऱ्याच्या शाहूपुरीतल्या दहा बाय बाराच्या खोलीला लावू नये. इथे आठ किंवा दहा इंची सब, नीट बसवलेला, पुरतो.

जुन्या घरांचं वेगळं. वाईचा किंवा साताऱ्याच्या पेठेतला तक्तपोशीचा वाडा, माण-आटपाडी-जतकडचं माळवदी घर, यांत वरचं लाकूड आणि माती थोडी लवते, थोडं पिते. तिथे बास सैल पण सुटसुटीत वाटतो. पत्र्याच्या घरात पत्रा थरथरतो, बास बाहेर जातो, आणि पाटण-जावळीच्या पावसात तर ऐकण्याचा प्रश्नच मिटतो.

थरथरीचा विषय निघाला आहे तर लोखंडी कपाटाबद्दल सांगायलाच हवं. आपल्या घरांत सबचा सगळ्यात मोठा वैरी ते कपाट असतं. त्यामागोमाग काचेच्या दारांचं शोकेस, भांड्यांची मांडणी, खिडकीचं सैल तावदान आणि पंख्याचा कप. पुष्कळदा ज्याला ‘सब फाटतोय’ म्हणतात तो कपाटाचा आवाज असतो. वीसपासून शंभर हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर फोनवरून वाजवावा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला हात लावत फिरायला सांगावं. जिथे हाताखाली थरथर थांबेल तिथे रबराचा तुकडा किंवा फेल्ट.

पडदे, गालिचे, भिंतीवरचा फोम यांनी बास सुधारत नाही. असली मऊ वस्तू ज्या लाटेला खरोखर अडवते तिच्या पाव लांबीइतकी जाडी किंवा भिंतीपासून तेवढं अंतर लागतं. ५० हर्ट्झला ते साडेपाच फुटांहून अधिक होतं. पातळ प्लायच्या पाठीचं मोठं वॉर्डरोब, आतल्या खोलीकडे उघडा राहणारा दरवाजा, हॉलला लागून असलेलं स्वयंपाकघर यांचा उपयोग त्याहून जास्त होतो. दार उघडं ठेवून आणि बंद करून तेच गाणं ऐकलं तर फरक लगेच कळतो. लाटेचा दाब भिंतीपाशी सर्वात जास्त आणि पहिल्या स्वरापुरता खोलीच्या बरोबर मध्यावर सर्वात कमी असतो. आपला सोफा किंवा दिवाण सहसा मागच्या भिंतीला चिकटलेला. म्हणून आपल्या घरांत बास बसणाऱ्याला जड लागतो आणि मधल्या खुर्चीवरच्या पाहुण्याला मिळतच नाही. सोफा दीड-दोन फूट पुढे ओढता आला तर पैसे न खर्चता होणारी ती सर्वात मोठी सुधारणा आहे. लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर बैठक असेल तर उत्तम.

एक की दोन

सोफा हलत नसेल तर सब हलवायचा. कोपऱ्यात ठेवला की आवाज सर्वात मोठा, कारण तिथून सगळे उभे स्वर एकदम चेतवले जातात. दुकानदार आणि घरातले दोघेही कोपराच सुचवतात, एकाला दणका दाखवायचा असतो आणि दुसऱ्यांना पेटी डोळ्याआड हवी असते. खात्रीची जुनी युक्ती उलटी आहे. सब आपल्या बसायच्या जागी, शक्य तर सोफ्यावरच ठेवायचा, बासचं ओळखीचं गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेने कान जमिनीजवळ नेत रांगत जायचं. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येईल तिथे सबची जागा. ध्वनीची ये-जा दोन्ही दिशांनी सारखीच असते, म्हणून हे चालतं. जमीन पुसलेली असावी, एवढंच.

एका सबने एक बैठक साधते, तीन माणसांचा सोफा साधत नाही. हर्मन कंपनीतले टॉड वेल्टी यांनी २००२ साली मांडलेलं काम या प्रश्नावर अजूनही प्रमाण मानतात. आयताकृती खोलीत सब किती आणि कुठे ठेवावेत हे त्यांनी गणित आणि मोजणी करून तपासलं. चारही भिंतींच्या मध्यावर एकेक किंवा चार कोपऱ्यांत एकेक ठेवल्यास बैठकीगणिक होणारा फरक सर्वात कमी. चाराहून जास्त ठेवून काही मिळत नाही. आणि समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोनच सब चार सबच्या बरेच जवळ जातात. यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. समोरच्या भिंतीचा दाब वर जात असताना मागच्या भिंतीचा खाली जात असतो. दोन्हीकडून एकच सूर सोडला की लांबीचा पहिला उभा स्वर चेतवलाच जात नाही. आणि दोन्ही पेट्या रुंदीच्या मध्यावर असल्यामुळे रुंदीचा पहिला स्वरही गप्प राहतो.

वीटभिंतीच्या घरांसाठी हे निष्कर्ष सोन्यासारखे आहेत. आपल्याला ताकद कमी लागते आणि उभे स्वर जास्त त्रास देतात, म्हणजे दोन लहान सब हा आपला स्वाभाविक पर्याय आहे. तरी बहुतेक शक्ती एका मोठ्या पेटीच्या शोधात जाते. दोन पेट्या, दोन केबल, दोन पॉवर पॉइंट यांना घरातून विरोध होतो हे मान्य. पण एक टीव्हीच्या कपाटाखाली आणि एक सोफ्यामागे मावतो, आणि आठ इंची पेटीवर फुलदाणी ठेवता येते.

जोडणी आणि तंबोऱ्याची कसोटी

मुख्य स्पीकर कुठे थांबणार आणि सब कुठे सुरू होणार, या सीमेला क्रॉसओव्हर म्हणतात. सिनेमाच्या ध्वनीची प्रमाणं ठरवणाऱ्या टीएचएक्सने ८० हर्ट्झ ही सीमा रूढ केली, कारण त्याखालचा सूर कुठल्या दिशेने येतो हे कानाला ठरवता येत नाही. बुकशेल्फ स्पीकर असेल तर एव्हीआरमध्ये त्याला ‘स्मॉल’ ठरवून ८० ठेवावं. आपल्या महागड्या टॉवर स्पीकरला स्मॉल म्हणायला पुष्कळांचं मन धजत नाही, पण तो शब्द स्पीकरच्या दर्जाबद्दल काही सांगत नाही, बास कुणी वाजवायचा एवढंच ठरवतो. चित्रपटातल्या ‘पॉइंट वन’ वाहिनीत १२० हर्ट्झपर्यंतचे परिणाम असतात. गाण्यात बहुधा ती वाहिनीच नसते, तिथे स्पीकरांच्या वाट्याचा खालचा भाग सबकडे वळवणं हेच मुख्य काम.

स्वस्त टू पॉइंट वन संचांचा खरा दोष इथे आहे. त्यांचे मुठीएवढे उपस्पीकर ८० पर्यंत उतरूच शकत नाहीत, म्हणून सीमा दीडशे-दोनशेच्या घरात जाते. पुरुषी आवाजाचा पाया त्या पट्ट्यात येतो. मग कीर्तनकाराचं तोंड टीव्हीत आणि छाती कोपऱ्यातल्या डब्यात. अशा संचात सब दोन उपस्पीकरांच्या मधोमध, टीव्हीखालीच ठेवावा, कोपऱ्यात कधीच नाही.

सीमा ठरल्यावर वेळ जुळवायची. सबचा आणि स्पीकरचा ८० हर्ट्झचा सूर कानापाशी एकत्र पोचला नाही तर दोघे एकमेकांना खोडतात आणि नेमक्या जोडावर खड्डा पडतो. सबच्या पाठीवरचं ‘फेज’ बटण किंवा एव्हीआरमधलं अंतराचं माप याचसाठी. एक मिलिसेकंद म्हणजे साधारण एक फूट. सबच्या आतल्या सर्किटमुळे उशीर होतो, म्हणून एव्हीआरने मोजलेलं अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त आलं तर ते ‘दुरुस्त’ करू नये. करायचं ते एवढंच: ८० हर्ट्झचा सूर लावून फेज हळूहळू फिरवायची आणि बसल्या जागी जिथे तो सर्वात मोठा लागेल तिथे थांबायचं.

हे सगळं तपासायला परदेशी चाचणी तबकड्या हव्यातच असं नाही. तंबोरा पुरतो. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असतो. त्याच्या तंबोऱ्यात पंचम १०४ वर, जोड १३९ वर आणि खर्ज ६९ वर. म्हणजे ८० च्या सीमेवर एका खर्जाचा पाया सबकडे जातो, बाकी तिन्ही तारा स्पीकरकडे राहतात. जवारी उघडलेल्या तंबोऱ्यात पायापेक्षा वरचे स्वरांश ठळक असतात, त्यामुळे सबचं काम इथे अगदी थोडं आहे. म्हणूनच कसोटी बारीक लागते. चार तारांचं आवर्तन ऐकत राहावं. खर्जाची तार आली की आवाज एका बाजूला कलत असेल किंवा खाली दबकन बसत असेल तर सब मोठा आहे. खर्ज पोकळ लागत असेल तर फेज चुकली आहे. मग काळी चारच्या बाईंचा तंबोरा लावावा. त्यात खर्जच १०४ वर येतो, तेव्हा सबने जवळजवळ गप्प बसायला हवं. तिथेही डबा गुरगुरत असेल तर सीमा वर गेलेली आहे. मिरजेच्या तंबोऱ्याने जगातल्या कुठल्याही सबची परीक्षा घेता येते, आणि याचा मला फार आनंद वाटतो.

खोलीच्या परीक्षेला तबला. शाईच्या लेपामुळे आपल्या तालवाद्यांना सुरेल स्वरांश कसे मिळतात हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवलं होतं. डग्ग्यावर मनगट दाबत नेलं की सूर खालून वर अखंड सरकतो. ती मींड एकसारखी न येता मध्येच एका जागी फुगली, तर तो वादकाचा गुण नव्हे, आपल्या खोलीचा उभा स्वर आहे. एकल तबल्याचं एक चांगलं ध्वनिमुद्रण बैठक आणि सब दोन्हींच्या जागा ठरवायला पुरेसं आहे. चित्रपटासाठी मी ‘सैराट’ सुचवेन. सिंफनी वाद्यवृंदाची तारवाद्यं आणि मिरवणुकीचा ठोका दोन्ही त्यात आहेत. पहिलं बिघडून दुसरं चांगलं लागत असेल तर जोडणी झालेली नाही.

मायक्रोफोनने मोजायचं असेल तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मिनीडीएसपीचा यूएसबी माइक त्याला पुरतो. ऑडिसी, डिरॅक यांसारख्या आपोआप दुरुस्त्या एव्हीआरमध्येच येतात. त्यांच्याबद्दल एक नियम लक्षात ठेवावा: ईक्यूने डोंगर कापता येतो, दरी भरता येत नाही. ज्या सुरावर लाटा एकमेकींना खोडतात तिथे जितकी ताकद ओतू तितकी खोडली जाते, सबचा ॲम्प्लिफायर फक्त तापतो. दरी भरायची तर सब किंवा सोफा हलवावा लागतो. दोनशे हर्ट्झच्या खाली आपल्या खोल्यांत स्पीकरपेक्षा खोलीच अधिक बोलते, आणि तिला उत्तर जागेनेच द्यावं लागतं.

जुन्या ध्वनिमुद्रिकांचं काय

या भागातल्या संग्राहकांच्या कपाटात अब्दुल करीम खाँ आणि बालगंधर्व असतातच. खाँसाहेबांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे, बालगंधर्वांचं नागठाणे सांगली जिल्ह्यात. १९२५ च्या आधी ध्वनिमुद्रण कर्ण्यात गाऊन होत असे आणि त्यात दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ काही उतरत नसे. पुढच्या विद्युत ध्वनिमुद्रणांतही अगदी खाली फारसं नाही. सब लावल्याने त्या गाण्यात भर पडत नाही, तबकडीची घरघर तेवढी मोठी होते. ७८ च्या तबकड्या ऐकताना सब बंद ठेवावा, किंवा घरघर कापणारी गाळणी लावावी. तबकडीयंत्र आणि सब एका टेबलावर तर कधीच नकोत. सुई सबची थरथर उचलते, ती पुन्हा सबमधून वाजते आणि घों सुरू होतं. औंधच्या संगीत महोत्सवासारख्या मैफली ज्यांनी जवळून ऐकल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको: आपल्या गायकीचा प्राण ८० च्या वर आहे. सबने खाली उभं राहून त्याला टेकू द्यायचा.

पेटी, ओल आणि अर्थिंग

बंद पेटी की भोकाची, हा वाद आपल्या खोलीपुरता मला सुटलेला वाटतो. भोकाची पेटी तिच्या ठरलेल्या सुरापर्यंत जास्त आवाज देते आणि त्याखाली अष्टकाला २४ डेसिबलने कोसळते. बंद पेटी आधीपासून उतरते, पण १२ डेसिबलने. खोलीच्या सर्वात खालच्या उभ्या स्वराखाली दारं-खिडक्या बंद असलेली पक्क्या भिंतींची खोली उलट बास उचलून धरते, आणि बंद पेटीचा उतार बराचसा भरून निघतो. खिडक्या उघड्या असतील तर हा फायदा जातो, हेही खरं. गाण्यासाठी आणि लहान खोलीसाठी बंद पेटी घ्यावी. मोठ्या हॉलमध्ये सिनेमा हेच मुख्य असेल तर भोकाची.

गाडीतला सब घरी लावण्याची हौस इकडे बरीच आहे. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर जे चालतं ते घरी का चालणार नाही, असं वाटतं. गाडीच्या चिमुकल्या बंद जागेत खालचे सूर आपोआप उचलले जातात आणि तो सब त्या हिशेबानेच घडवलेला असतो. घरी आणला की तळ जातो आणि मधला घुमारा तेवढा उरतो. सुताराकडून पेटी करून घेणं मात्र पूर्णपणे शक्य आहे, अट एकच: वुफरचे थील-स्मॉल आकडे हातात हवेत. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोघांनी साठ-सत्तरच्या दशकांत मांडलेलं ते गणित आता फुकट सॉफ्टवेअरमध्ये मिळतं. आकड्यांवरून पेटीचं घनफळ काढून १८-१९ मिलिमीटर प्लायमध्ये, आतून आडवी पट्टी मारून, हवा न सुटेल अशी पेटी केली तर ती बाजारातल्या एमडीएफच्या डब्याहून सरस होते. डोळ्याने माप काढलेली पेटी मात्र नशिबावर.

महाबळेश्वर-कोयनेकडच्या दमट हवेत फोमची किनार लवकर कुजते, एमडीएफ फुगतं. रबरी किनारीचा वुफर घ्यावा. सांगलीत कृष्णेच्या पुराने २००५, २०१९ आणि २०२१ साली काय केलं ते माहीत असलेल्यांनी जमिनीवरची पेटी जुलैत वर उचलावी. भोकाच्या पेटीत उंदीर शिरतो आणि कागदी कोन कुरतडतो. भोकाला आतून जाळी लावून घ्यावी.

सब सतत गुणगुणत असेल तर दोष बहुधा विजेचा. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि तो सूर बरोबर सबच्या पट्ट्यात बसतो. केबल टीव्हीची किंवा डिशची वायर काढून बघावी. गुणगुण थांबली तर दोन ठिकाणच्या अर्थिंगचं वेटोळं झालेलं आहे. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर घ्यावीत, अँटेनाच्या वायरीत आयसोलेटर टाकावा. जुन्या घरांत अर्थिंगच धड नसतं, ते आधी वायरमनकडून करून घ्यावं. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन मोडण्याचा सल्ला काही जण देतात. तो जीवघेणा आहे, कुणीही ऐकू नये.

रात्रीचा आवाज आणि भिंतीपलीकडचा माणूस

हळू आवाजात बास नाहीसा होतो, हे कानाचं वैशिष्ट्य आहे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी ते मोजून दाखवलं. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जितका मोठा वाटतो तितका ५० हर्ट्झचा वाटायला जवळजवळ ७८ डेसिबल लागतात. जुन्या ॲम्प्लिफायरवरचं ‘लाउडनेस’ बटण आणि आताचं ऑडिसीचं ‘डायनॅमिक ईक्यू’ याचीच भरपाई करतात. रात्री हळू ऐकताना सब दोन-तीन डेसिबलने वर नेणं म्हणूनच योग्य. सकाळी मोठ्याने ऐकताना तो परत खाली आणायचं मात्र राहून जातं, आणि तिथून शेजाऱ्यांशी वाद सुरू होतो.

भिंत उंच सूर अडवते, बास फारसा अडवत नाही. आपल्याला गाणं ऐकू येतं, शेजाऱ्याला फक्त ठोका. सबखाली रबरी मॅट घातली तर फरशीतून जाणारी थरथर आणि आपल्याच घरातला खडखडाट कमी होतो. हवेतून जाणारा बास त्याने थांबत नाही. अपार्टमेंटमध्ये उपाय दोनच: दोन लहान सब बैठकीच्या जवळ ठेवून एकूण पातळी कमी करायची, आणि रात्री दहानंतर ४० हर्ट्झखालचं कापून टाकायचं.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. खासगी जागेतल्या यंत्रणेचा आवाज हद्दीपाशी यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाऊ नये, असंही त्यांत आहे. ही सारी मोजणी ‘ए’ पट्टीवर होते. ती पट्टी ५० हर्ट्झचा सूर ३० डेसिबलने कमी धरते. म्हणजे रात्री हद्दीवर ८० डेसिबलचा ५० हर्ट्झचा ठोका पडला तरी मीटरवर ५० दिसेल आणि नियम मोडलेला ठरणार नाही. शांत खोलीत झोपू पाहणाऱ्या माणसाला तो ठोका रात्रभर जागं ठेवायला पुरेसा आहे. मिरवणुकीच्या यंत्रणांबाबत तर हा फरक फार मोठा होतो. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डीजे-डॉल्बीवरच्या बंदीला तात्पुरती स्थगिती द्यायला नकार दिला, तेव्हाही चर्चा डेसिबलच्या आकड्याभोवतीच फिरत राहिली. ‘सी’ पट्टी ५० हर्ट्झला जेमतेम सव्वा डेसिबल कमी धरते आणि बहुतेक चांगल्या मीटरवर ती असतेच. पोलीस ठाण्यांनी आणि प्रदूषण मंडळाने दोन्ही पट्ट्यांवर मोजून दोन्ही आकडे नोंदवावेत, असं मला मनापासून वाटतं.

तोवर घराघरांत आपापसात ठरवणं हाच मार्ग. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायची पद्धत पाडली. अख्खं गाव जिथे हे ठरवू शकतं, तिथे एका जिन्यावरच्या चार कुटुंबांना सबची वेळ ठरवणं अवघड नाही. नवा सब बसवला की शेजाऱ्यांना एकदा घरी बोलवावं, त्यांच्या घरात जाऊन आपला सब तिथे किती ऐकू येतो ते आपल्या कानांनी ऐकावं, आणि व्हॉल्यूमच्या खुंटीवर ती खूण करून ठेवावी.